उंबरा एक

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला अधिकार नाही आणि सवयही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही; आई अजून अंगठाच उठवते. मी लातूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे, आणि या वयात, रजा काढून काढून, नांदेडला बाहेरून एम. ए.ला बसलो आहे. तिथल्या सरांनी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी विषय दिला — नोकरी शोधताना होणाऱ्या चुका. म्हणाले, तुला नोकरी लागलेली आहे, तू पोरांना चार गोष्टी सांग. मी हो म्हणालो. चार गोष्टी लिहूनही काढल्या. पण त्या लिहून झाल्यावर हात थांबेना. पुढचं जे आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, बायकोला नाही. सर, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आधी चुका सांगतो. एम्प्लॉयमेंटच्या कार्डाचं नूतनीकरण ज्या महिन्यात असेल त्याच महिन्यात करावं. महिना चुकला की मागची सगळी वर्षं वाया जातात आणि पुन्हा शेवटून उभं राहावं लागतं. अर्जावर पत्ता आपलाच द्यावा, किराणा दुकानाचा नको, पाहुण्याचा नको — मुलाखतीचा कॉल तिथंच पडून राहतो. टी. सी.वर नाव जसं आहे तसंच सगळीकडे लिहावं. साहेब आपल्या ओळखीचे आहेत म्हणणाऱ्याच्या मागं फिरू नये. मूळ कागद कुणाच्या हातात देऊन चहाला जाऊ नये. मुलाखतीच्या गावी आदल्या दिवशीच पोचावं, सकाळच्या गाडीवर भरवसा ठेवू नये. आणि अर्जात खोटं लिहू नये, कारण आपण काय लिहिलं ते आपण विसरतो, कागद विसरत नाही.

बरं आहे की नाही? वाचताना तुम्हाला वाटलं असेल, माणूस अनुभवाचं बोलतोय. पण यातलं एकही वाक्य माझं नाही. हे सगळं कमलच्या वहीतलं आहे. ती वही माझ्याकडे आहे. कशी आली, तेच सांगायचं आहे.

कमल म्हणजे आमच्या शेजारच्या रुक्माकाकीची मुलगी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आमचं गाव औशाच्या बाजूचं, धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. जुन्या गावात आमचं घर आणि त्यांचं घर एका भिंतीला होतं — भिंत एक, दारं दोन. मोजणीवाले आले आणि त्यांनी दारादारांवर डांबरानं नंबर टाकले, तेव्हा काकी कमलला घेऊन ऊसतोडीला गेलेली होती. नवरा आधीच वारलेला. दाराला कुलूप. मोजणीवाल्यानं दोन्ही घरं आमचीच समजून एकच नंबर टाकला, सत्तेचाळीस. माझ्या वडलांनी सांगितलं की नाही, की पलीकडचं घर दुसऱ्याचं आहे? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. नव्या गावात काकीला प्लॉट मिळाला नाही. वडलांनी आमच्या प्लॉटचा कोपरा तिला दिला, पत्रे टाकून दिले, आणि सगळं गाव वडलांना देवमाणूस म्हणायला लागलं.

नंबराचं महत्त्व नंतर कळलं. ज्या घराला नंबर, त्या घराला धरणग्रस्ताचा दाखला. ज्या घराला दाखला, त्या घरातल्या एकाला सरकारी नोकरीत राखीव जागा. घर एक, माणूस एक.

मी मामाकडे उमरीला राहून रेल्वेनं नांदेडच्या कॉलेजात जायचो. कमल मॅट्रिक झाली, मग औशाला जाऊन टायपिंग शिकली. रोज जाऊन-येऊन. तिची बोटं भाकरी थापतानासुद्धा टायपिंगची चालायची, यावर आमच्या घरी हसायचे. त्याच सुमाराला उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, नवा जिल्हा झाला. भाड्याच्या खोल्यांतून कचेऱ्या उघडल्या, पाट्यांचा रंग ओला होता. लोक म्हणायचे, आता भरती निघणार. पण आमची कार्डं उस्मानाबादला होती. ती लातूरला वर्ग करून घ्यावी लागतात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपलं नाव यादीत आहे या भरवशावर कितीतरी पोरं तशीच बसून राहिली. कमल मात्र स्वतः गेली. दोन दिवस खेटे घातले आणि कार्ड वर्ग करून आणलं. स्वतःचंही — आणि माझंही. मी परीक्षेत होतो म्हणून. मला जो कॉल आला तो त्यामुळे आला. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

कॉल होता एका जागेसाठी. लिपिक-टंकलेखक, धरणग्रस्तांतून. मुलाखत सोमवारी.

आणि त्या साली दुष्काळ होता. सलग दुसरा. धरणाचं पाणी उतरत उतरत नुसत्या डबक्यावर आलं आणि जुनं गाव वर आलं.

तुमच्यापैकी कुणी पाण्यातून वर आलेलं गाव पाहिलं आहे का? आधी मारुतीच्या देवळाचा कळस दिसला. मग चावडीची भिंत. मग सगळंच. लाकूड लोकांनी उठतानाच काढून नेलेलं, त्यामुळे एकाही घराला दार नव्हतं, छप्पर नव्हतं. कमरेएवढ्या भिंती, दगडी उंबरे आणि सगळ्यावर एकसारखा राखाडी गाळ, भेगा पडलेला. गल्ल्या तशाच होत्या. पण सगळं लहान होऊन वर आलं होतं. म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, आपलं गाव एवढंसं होतं? चालताना पायाखाली वाळलेले शिंपले कडकड मोडायचे. पाखरू नव्हतं. कुत्री गाळाच्या काठापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची, हाका मारल्या तरी आत यायची नाहीत. बायका आपापल्या चुलीच्या जागी जाऊन बसायच्या आणि ऊन चढलं की उठून यायच्या.

कमलनं त्यात संधी पाहिली. तिनं पुनर्वसनच्या कचेरीत अर्ज दिला, की सत्तेचाळीस नंबरात दोन घरं होती, आता गाव उघडं पडलं आहे, येऊन बघा. तिथले साहेब बरे होते. ते म्हणाले, पंचनामा करू. दोन उंबरे निघाले तर दोन घरं धरू आणि दुसरा दाखला देऊ. आमच्याकडे मोजणीची ती रीतच होती. भिंती पडतात, चुली हलतात, पण उंबरा जागचा हलत नाही. त्यामुळे उंबऱ्यावरून घर मोजायचं. पंचनाम्याचा दिवस ठरला गुरुवार.

बुधवारी सकाळी मी तहसीलला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. तिथल्या एका कारकुनानं सहज सांगितलं, की सत्तेचाळीसची चौकशी निघाली म्हणजे निकाल लागेपर्यंत सत्तेचाळीसचा दाखला अडकणार. म्हणजे माझा. सोमवारी मुलाखत. आणि चौकशी लवकर मिटलीच, तर कमलही त्याच जागेला उभी राहणार — टायपिंगची परीक्षा झालेली, माझ्यापेक्षा हुशार, कागद न् कागद नीट लावलेला. मग माझ्याकडे कोण बघणार?

इथवर सांगायला सोपं गेलं. पुढचं सांगताना पेन जड होतं. पण सांगतो.

त्याच बुधवारी भरदुपारी मी घरातली पहार घेतली आणि जुन्या गावात गेलो. एकटा. नुसतं बघून येऊ, असं मी स्वतःला सांगत होतो. बघायला पहार कशाला लागते?

आमचा उंबरा होता. शेजारी, सात-आठ पावलांवर, त्यांचा. काळा दगड, तीन हात लांब, उजव्या अंगाला वाटीएवढी खळगी. रुक्माकाकी तिथं चिंचोके फोडायची. फोडून फोडून पडलेली ती खळगी. लहानपणी कमल आणि मी त्या उंबऱ्यावर बसायचो. मोजणीवाले येऊन गेले होते, घरोघर धरणाचंच बोलणं चालायचं. आम्ही त्या खळगीत पाणी भरायचो, मुंग्या सोडायचो आणि म्हणायचो, हे धरण. एवढं मला आठवत होतं. स्वच्छ आठवत होतं.

मी पहार घातली. दगड सहज उठला — इतका सहज, की मला वाटलं पलीकडून कुणी हात लावला. खाली ओल होती. दोन वर्षं पाऊस नाही, भोवती गाळाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्या दगडाखाली काळीभोर, थंड ओल. त्यात एक बेडूक बसलेला. तो पळाला नाही. माझ्याकडे बघत राहिला, नरड्याची कातडी तेवढी हलत होती. मी दगड कोलांट्या देत वीसेक पावलांवरच्या आडापर्यंत नेला. आड गाळानं अर्धा भरलेला होता. दगड आत लोटला आणि कान देऊन उभा राहिलो. आवाज आलाच नाही.

परत येऊन मी तो खड्डा गाळानं बुजवला. बेडकासकट. पायानं दाबून सारखा केला. आणि तेवढ्यात पाठीमागं, त्यांच्या घराच्या आतल्या अंगाला, झाडल्याचा आवाज यायला लागला. शिराईच्या केरसुणीनं अंगण झाडावं तसा. सावकाश, एका लयीत. वारा असेल. वाळलेल्या गाळावरून वारा तसा वाजतो असं नंतर मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण त्या वेळी माझ्या अंगावरच्या घामाला वारा लागत नव्हता. मी मागं वळून पाहिलं नाही. आजतागायत मला माहीत नाही, तिथं काय होतं.

घरी आलो तेव्हा कोपरापर्यंत गाळ होता. वडील दारात बसले होते. पाणी टँकरचं, घागरी मोजून ठेवलेल्या. ते उठले, तांब्या भरून आणला आणि माझ्या हातावर ओतला. मग दुसरा ओतला. विचारलं काहीच नाही.

गुरुवारी तलाठी आले, दोन पंच आले, निम्मं गाव आलं. काकी आली, कमल आली. कमलनं चांगलं पातळ नेसलं होतं, जशी काही तिचीच मुलाखत होती. तलाठ्यांच्या हाताला गळू झालेलं, पेन धरवेना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुम्ही कॉलेजात हाव. अक्षर चांगलं असंल. तुमीच लिवा." मी वही-पेन घेतलं. नाही कसं म्हणणार होतो?

आमचा उंबरा सापडला. लिहिला. दुसरा सापडेना. भिंतीचे चिरे सगळे सारखेच ढासळलेले, कुठून दार आणि कुठून भिंत ते कळेना. पंचांनी काठ्या टोचून पाहिलं. काकी गडबडून गेली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायला लागली. लोकांत कुणी तरी म्हणालं, लेकराच्या वयाचं आठवतंय, चुकलं असंल. कुणी हसलंही.

तेव्हा कमल म्हणाली, मी चालून दाखवते. ती गल्लीच्या तोंडाशी गेली, जिथं पिंपळाचं खोड होतं. तिनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालायला लागली. दहा वर्षांपेक्षा जास्त झाली होती ती त्या गल्लीतून चालली त्याला. कुठं अडखळली नाही. आमच्या दारावरून पुढं आली. आणि जिथं मी काल खड्डा बुजवला होता — तिथं, नेमकं तिथं, तिनं पाय उचलला.

कसा उचलला ते सांगितलं पाहिजे. मोठी बाई उंबरा ओलांडताना पाय जेमतेम उचलते. कमलनं तो गुडघ्याच्याही वर उचलला. तोल सांभाळायला एक हात बाजूला धरला, चौकट धरावी तसा, हवेत. चार-पाच वर्षांचं पोर मोठा उंबरा चढतं ना, तसा. बावीस-तेवीस वर्षांची बाई, सपाट गाळावर. मग पाय पलीकडे ठेवला, डोळे उघडले आणि म्हणाली, "हितं."

सगळ्यांनी पाहिलं होतं. एका म्हातारीनं हात जोडले. तलाठ्यांनी त्या जागेकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "बाई, मला पटलं. पण पाय उचलला, हे पंचनाम्यात लिवता येत न्हाई. दगड पायजे."

कमलनं माझ्याकडे पाहिलं. मदत मागावी तसं नव्हे — आता झालंच काम, अशा खुशीनं. म्हणाली, "दत्ता, तू सांग की. चिंचोक्याची खळगी. आपलं धरण."

मी म्हणालो, "मला न्हाई आठवत."

बस, एवढंच. यापेक्षा जास्त मी काही बोललो नाही. खाली मान घालून लिहिलं: उंबरा एक. अक्षर चांगलं आलं होतं. दगड मी भीतीनं काढला असेल, हे मला पटवता येतं. पण ते तीन शब्द? तिच्या तोंडाकडे बघत म्हणालेले? ते कशानं म्हणालो ते मला अजून सांगता येत नाही.

कमल रडली नाही, भांडली नाही. ती त्या जागेपाशी वाकली, गाळावरून हात फिरवला आणि हात नाकाशी नेला. कशाचा वास घेतला तिनं? ओल लागली का हाताला? मग पदराला हात पुसून ती आईला घेऊन गेली.

रविवारी मी लातूरला निघालो, आदल्या दिवशी पोचावं म्हणून. कमल एस. टी.पर्यंत आली. तिनं वही माझ्या हातात दिली. म्हणाली, मला आता काय कामाची, तू वाचत जा गाडीत. मी वाचली. सगळ्या सूचना पाळल्या. नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तेव्हा रुक्माकाकीनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. एका भिंतीतलं एक तरी लेकरू लागलं, म्हणाली.

त्यानंतर पाऊस झाला. गाव पुन्हा पाण्याखाली गेलं. मला वाटलं, संपलं.

पण एक गोष्ट सुरू झाली. आमच्या कचेरीच्या दाराला उंबरा नाही. फरशी सलग आहे. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात शिपाई हसला. म्हणाला, "भाऊसाहेब, काय ओलांडून राहिले तुम्ही?" मी खाली पाहिलं. माझा पाय गुडघ्यापर्यंत वर होता. तेव्हापासून मी दारातून जाताना खाली बघून, घासत पाय टाकतो. लक्ष नसलं की उचलला जातो. सगळ्याच दारांत नाही. कुठल्या दारात होईल ते आधी कळत नाही. गेल्या वर्षी माझी मुलगी चालायला लागली. आमच्या क्वार्टरच्या दारातही उंबरा नाही. ती दारापर्यंत येते, थांबते, हात बाजूला धरते आणि पाय उंच उचलते. बायकोला कौतुक वाटतं. शेजारणींना बोलावून दाखवते. मी तेव्हा घरात थांबत नाही.

कमल अर्ज करत राहिली. दाखल्याशिवाय, नुसत्या टायपिंगच्या जोरावर. दोनदा प्रतीक्षा यादीत आली. मग वय उलटलं. काकी गेली. कमलनं लग्न केलं, त्याच कोपऱ्यावर दोन खोल्या बांधल्या. दुष्काळी कामं निघाली की कामावर जाते. हे सगळं मला इकडून तिकडून कळत असे. मी गावाकडे जाणं कमी करत करत बंदच केलं होतं.

यंदा पुन्हा पाणी आटलं. मागच्या महिन्यात आमच्या गावचे तुळशीराममामा कचेरीत आले होते, एका नकलेसाठी. मी त्यांना बाहेर चहाला नेलं. गावाकडचं बोलताना ते म्हणाले, टँकर पुरेना, म्हणून जुन्या गावातल्या आडाचा गाळ काढायला घेतला होता; पाणी लागेल म्हणून. पाणी काही लागलं नाही. पण खाली एक दगड निघाला, तीन हात लांब. लोक म्हणाले, टाका कडेला. कमल कामावर होती. ती खाली बसली, दगडावरचा गाळ हातानं पुसला आणि खळगीत मूठ घालून बघितली. मग बैलगाडी मागवून तो घरी नेला आणि आपल्या दाराला बसवला.

मामांना हे सगळं नवलाचं वाटत होतं. वीस पावलांवरचा उंबरा आडात कसा गेला म्हणून ते दोनदा माझ्याकडे बघून हसले. बशीतला चहा संपवून उठता उठता त्यांना आठवलं.

"आरं हाव, तुला निरोप हाय तिचा. म्हनली, दत्ताला सांगा, उंबरा घावला. एवढंच सांगा, म्हनली."